वस्तादांच्या मागून मोजायचं नाही

धक्क्यावरची माणसं त्यांना वस्ताद कधीपासून म्हणायला लागली, हे खुद्द वस्तादांनाही सांगता आलं नसतं. पदवी कुणी दिली ते माहीत नाही, पण त्यांनी ती घेतली ती कायमचीच. दुसऱ्यांची बंद पडलेली इंजिनं आणि स्वतःच्या नाकावरचा राग, या दोन गोष्टी त्यांनी जन्मभर नीट सांभाळल्या. एखादा मालक इंजिनच्या खोलीत वाकून "काय झालंय वस्ताद?" असं विचारायला गेला, की आतून उत्तर यायचं, "तुमच्या बोटीत माणसं फार झालीत." मालक मुकाट्याने वर जायचा. काय करणार? वस्तादांचा हात लागलेलं इंजिन पुन्हा कुरकुर करत नसे, आणि अशा माणसाच्या शिव्यासुद्धा लोक घरी जाऊन कौतुकाने सांगतात.

अशा माणसाच्या तोंडात आता दोनच शब्द उरले होते. तेही कोणते, तर "बरं, बरं."

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश गळला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय परक्याचे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं. शब्द बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. उघडेल हळूहळू." लिहून दाखवा म्हणून डाव्या हातात पेन्सिल दिली, तर कागदावर गिचमिड उठली, अक्षरंही शब्दांच्या मागोमाग निघून गेली होती. मान हलवावी, तर ती "बरं बरं"च्या तालावर वरखाली व्हायची. जन्मात कधी कुणाच्या होला हो न म्हणालेला माणूस सगळ्यांच्या सगळ्या बोलण्याला मान डोलवायला लागला. शेजारीपाजारी म्हणाले, आजारपणात स्वभाव किती निवळला बघा! वस्ताद आतल्या आत जळायचे आणि बाहेरून म्हणायचे, "बरं, बरं."

त्यांना एकच मूल, मुलगी. घरात तिला चिमी म्हणत. आता चाळिशीला आली, कोपरापर्यंत ग्रीस माखून हिंडायला लागली, तरी चिमीच. काम ती वस्तादांच्या हाताखालीच शिकली. शिकवताना त्यांनी तिचं एकदाही कौतुक केलं नाही, पण तिने घट्ट केलेला बोल्ट ते पुन्हा तपासत नसत. धक्क्यावरच्या लोकांना यातलं काय ते कळायचं. चिमीचा नवरा बोट चालवायचा. भला माणूस, कामसू, पण सदोदित शिट्टी वाजवायची खोड. म्हणून सासऱ्यांनी त्याचं नावच शिट्टी ठेवलं होतं, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

जन्मभर दुसऱ्यांच्या बोटी चालवून शिट्टीने अखेर स्वतःची बोट घेतली. जुनी, लाकडी, रुंद पोटाची. आत चार पिस्टनचं जुनं डिझेल इंजिन. हे इंजिन वस्तादांच्या चांगल्याच ओळखीचं. आधीच्या मालकाच्या काळात वर्षानुवर्षं त्यांनीच ते जगवलेलं. ते बाहेर काढायची सोय नव्हती. बांधणाऱ्याने आधी इंजिन बसवलं होतं आणि मग त्याच्यावर डेक ठोकून टाकला होता, त्यामुळे डेक कापल्याशिवाय ते वर येणं अशक्य. मग जे काही करायचं ते आतच. धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत बोट टेकूंवर उभी केली आणि चिमी तिच्या पोटात उतरली.

वस्तादांना घरी एकटं कंटाळा येतो, तिथे बसले तर बरं वाटेल, अशी कल्पना शिट्टीची. रोज सकाळी तो सासऱ्यांना पाठुंगळी घेऊन फळीवरून डेकवर चढायचा. इंजिनच्या खोलीत उतरायच्या, झाकण उघडून टाकलेल्या भोकाशेजारी खुर्ची मांडलेली असायची, आणि ती घसरू नये म्हणून दोरीने बांधलेली. तिथून वस्तादांना खाली सगळं दिसायचं. साखळीला लावून वर खेचलेले पिस्टन, केरोसीनच्या डब्यातले नट, दिव्याच्या पिवळ्या उजेडात चिमीची पाठ. इंजिनच्या बाजूला ताटाएवढी दारं असतात. ती उघडून, कुशीवर आडवी पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून ती काम करायची. बघायची गरजच नसायची तिला. बोटंच बघायची. वस्तादांना वाटायचं, एकदा तरी म्हणावं, पोरी, हात चांगला बसलाय तुझा. आणि आपण हे इतकी वर्षं का म्हणालो नाही, म्हणूनही त्यांना कसंसंच व्हायचं.

आता वस्तादांचा एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चिमी शिकत होती तेव्हा एकदा वस्तादांनी घासून बसवलेला एक भाग तिने सहज मायक्रोमीटर लावून मोजला. मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा हिशेब सांगणारं माप. वस्तादांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, पुसलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या मागून मोजायचं असेल तर दुसरा बाप बघ." पोरगी रडली, रुसली, आणि मग त्या नियमाचा तिने अभिमानच करून टाकला. दुसऱ्या कुणाचं काम असेल तर ती चार चार वेळा मोजायची. पण इथे माझ्या बाबांचा हात लागलाय असं कळलं, की माप डबीतच. लोकांनाही ऐकवायची, "वस्तादांच्या मागून मोजायचं नाही."

आणि नेमकं याच इंजिनात मोजण्यासारखं काहीतरी होतं.

इंजिनच्या पोटात क्रँक नावाची एक जाड वाकडीतिकडी दांडी असते. पिस्टनचं वरखाली होणं ती गोल फिरवते. पिस्टनचा रॉड तिला जिथे पकडतो त्या गोल, गुळगुळीत भागाला वस्ताद मान म्हणायचे. मान आणि रॉड यांच्यामध्ये बेअरिंग बसतं, दोन अर्ध्या वाट्या समोरासमोर धराव्यात तसं. फार वर्षांपूर्वी या बोटीची तेलाची नळी भर समुद्रात फुटली आणि तिसरं बेअरिंग वितळलं. मानेवर ओरखडे उठले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, डेक कापा, क्रँक बाहेर काढा. वस्तादांनी आतच कुशीवर पडून, एमरीची, म्हणजे घासकागदाची, पट्टी मानेभोवती गुंडाळून, दोन्ही टोकं ताकाच्या रवीसारखी ओढत ती मान पुन्हा गोल केली. ओढायचं, मोजायचं, पुन्हा ओढायचं. मान गोल झाली खरी, पण बारीक झाली. तेवढ्या बारीक मानेचं बेअरिंग मिळेना. मग जुन्याच वाट्यांमध्ये त्यांनी बेअरिंगचा मऊ पांढरा धातू वितळवून ओतला आणि हाताने खरवडून खरवडून तो मानेला बसता केला. काम इतकं बेमालूम, की वाटीच्या पाठीवर कारखान्याचा मापाचा शिक्का जसाच्या तसा. बघणाऱ्याला चारही बेअरिंगं एकाच मापाची दिसावीत.

मालकाला त्यांनी सांगितलं नाही. मान बारीक झाली म्हटल्यावर त्याचा इंजिनवरचा विश्वास उडाला असता, आणि थोडा वस्तादांवरचाही. चिमीचं नुकतंच लग्न झालं होतं, ती तेव्हा कामावर येत नव्हती. तिलाही सांगायचं राहिलं. शिवाय सांगायची गरज काय? पुढच्या वेळी बेअरिंग बदलायला मीच येणार. मी आहे ना. माणूस असं म्हणतो खरं, जसा काही तो कुठून तसा करार लिहून आणतो.

त्या दिवशी चिमीने जुन्या वाट्या काढल्या, केरोसीनमध्ये धुतल्या, उलट्या करून दिव्यापाशी धरल्या आणि शिक्के वाचले. आतून चारही सारख्याच झिजून काळ्या पडल्या होत्या. "चारही एकाच मापाची," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्याच मापाची घेऊन ये." शिट्टी शिट्टी वाजवत गेला आणि तेलकट कागदात गुंडाळलेली नवी कोरी बेअरिंगं घेऊन आला.

वस्तादांना वरून तो कागद दिसला. जाड मानेची वाटी बारीक मानेवर बसवली तर सैल बसणार. सैल बेअरिंगमध्ये तेल टिकत नाही. इंजिन धक्क्यावर छान चालेल, बंदरातही चालेल. जोर लागेल तो बंदराच्या तोंडाशी, जिथे दोन्हीकडे खडक आहेत आणि लाट आडवी येते. तिथे इंजिन अडकलं तर बोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आणि बोटीवर असणार शिट्टी.

"बरं बरं बरं!" ते ओरडले.

"हो ना बाबा?" चिमी खालून हसली. "एकदम मूळ मापाची मिळाली. मलाही बरं वाटलं."

त्यांनी डावा हात उचलून तीन बोटं दाखवली. तिसरी मान, तिसरी!

"तीन?" चिमीने डोळे बारीक केले. "तीन वाजता जेवण? बाबा, आत्ता तर जेवलात."

त्यांनी इंजिनकडे बोट केलं, पुन्हा तीन बोटं दाखवली. चिमी बिचारी उठली, तिने तिसऱ्या रॉडचे बोल्ट डब्यातून काढून त्यांना दाखवले. "बघा, नवीन आणलेत. काळजी करू नका." मग वस्तादांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून दाखवलं, मायक्रोमीटर फिरवतात तसं. चाळीस वर्षं ज्या हालचालीने त्यांनी पोट भरलं ती हालचाल. फक्त ती डाव्या हाताने केलेली, आणि थरथरत.

शिट्टीला हसू फुटलं. "अगं, तंबाखू मागतायत!"

"अजिबात नाही मिळणार," चिमी लगेच म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही यांचा."

तिघांतल्या दोघांना फार हसू आलं. वस्तादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं. "असं रडू येतं त्यांना आपोआप," चिमी नवऱ्याला हळूच म्हणाली. "आजाराचाच भाग आहे तो." तिने वर येऊन आपल्या ओढणीच्या स्वच्छ टोकाने त्यांचे डोळे पुसले, आणि इतक्या मायेने पुसले, की वस्तादांना तिच्यावर रागावताही येईना.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी कपाटाकडे हात करून करून बायकोकडून मायक्रोमीटरची डबी काढून घेतली. आपलं माप मांडीवर ठेवून बसू, उद्या ते बरोबर नेऊ, पोरीच्या हातात देऊ. मग तरी कळेल. बायको शेजारी बसली. डबीवरून हात फिरवत म्हणाली, "कामाची आठवण येते ना हो?" एवढं म्हणताच तिला भरून आलं. वस्ताद म्हणाले, "बरं, बरं." तिने डोळे पुसले, आणि पडून फुटायला नको म्हणून डबी उचलून सगळ्यांत वरच्या फळीवर, जुन्या ब्लँकेटच्या मागे ठेवून दिली. सकाळी ते कपाटाकडे हात करत राहिले. ती म्हणाली, "नीट ठेवलीय मी, चोराला पण सापडायची नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की मारणारी सगळी आपली, आणि त्यांना वाटतंय आपण कुरवाळतोय.

चिमीने बेअरिंगं बसवली. तिसरा रॉड धरून बाजूला हलवून बघितला; बाजूचा सैलपणा जेवढा असावा तेवढाच होता. मग दांडा लावून इंजिन हाताने फिरवलं. पिस्टनवरच्या रिंगा नव्या, त्यामुळे ते इतकं जड फिरलं की मानेतला सैलपणा त्यात कुठल्या कुठे लपून गेला. "बघा, कसं घट्ट चाललंय!" ती म्हणाली. वस्ताद खुर्चीतून उठायला गेले. खाली उतरता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. निदान पडलो तर काम थांबेल. शिट्टीने धावत येऊन पकडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कमरेभोवती मऊ चादर गुंडाळून त्यांना खुर्चीला बांधायला लागला. "लागत नाही ना बाबा?" गाठ मारताना तो रोज विचारायचा.

मोठी भरती जवळ आली. त्या पाण्यावर बोट ढकलायची असं ठरलं होतं. बाजूची दारं बंद झाली आणि इंजिनमध्ये तेल भरायचा दिवस आला. चिमीच्या मनात होतं, पहिलं तेल बाबांच्या हातून पडावं. त्यांचंच इंजिन, त्यांचा हात लागू दे. तिने इंजिनच्या तेलाच्या तोंडाला लांब नळी लावली, ती झाकणातून वर डेकवर आणली आणि तिच्या टोकाला मोठं नरसाळं बसवलं. नरसाळ्यात बारीक जाळी. नरसाळं वस्तादांच्या गुडघ्यांमध्ये नीट उभं केलं, त्यांचा डावा हात त्यावर ठेवला. शिट्टीने डबा वाकवला, तेल मधासारखं उतरायला लागलं. खाली चिमी दांडा लावून इंजिन हळूहळू फिरवत होती, म्हणजे तेल सगळीकडे पोचेल.

"वस्तादांचा हात लागला!" शिट्टी मोठ्याने म्हणाला. "आता काय बिशाद आहे बंद पडायची!"

वस्तादांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला वाळूची बादली होती. आग लागली तर विझवायला प्रत्येक बोटीवर असते तशी. त्यांनी तिच्याकडे बघितलं. वाळूच्या पायांनी इंजिनच्या खोलीत उतरला म्हणून एका खलाशाला त्यांनी एकदा कॉलर धरून धक्क्यावर फेकला होता. वाळूचा एक कण इंजिनमध्ये गेला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. पण इंजिनमध्ये वाळू गेली, की एकच उपाय असतो: सगळं उघडायचं, एकेक वाटी काढायची, एकेक मान पुसायची.

शिट्टी दुसरा डबा उघडायला पाठमोरा झाला. वस्तादांनी अंगठ्याने नरसाळ्यातली जाळी उचकटली आणि मांडीवर ठेवली. मग मूठभर वाळू घेतली आणि नरसाळ्यात सोडली. हात लटपटत होता, थोडी बाहेर सांडली. म्हणून आणखी एक मूठ घेतली. ती सोडत असताना शिट्टी वळला.

तो असा काही ओरडला की चिमी खालून दांडा टाकून वर आली. नरसाळ्याच्या कडेला चिकटलेली वाळू तिने बोटाने पुसली आणि त्या बोटाकडे तशीच बघत राहिली.

"का केलंत?" ती म्हणाली. "बाबा, का केलंत हे?"

वस्तादांनी तीन बोटं दाखवली. बोटांना तेल आणि वाळू लागली होती.

"माझं काम बघवत नाही का तुम्हाला? तुमचे हात गेले म्हणून माझेही जावेत असं वाटतं? महिनाभर मी त्या भोकात आडवी पडलेय. कुणासाठी? रोज तुम्हाला आणते, रोज विचारते, बाबा, बरं आहे ना, आणि तुम्ही... बोला ना काहीतरी!"

"बरं," वस्ताद म्हणाले. "बरं, बरं."

चिमीने तोंड फिरवलं. नवऱ्याला म्हणाली, "यांना घरी ने. आणि परत आणू नकोस."

घरी बायकोने त्यांच्या बोटांची वाळू धुतली, पण बोलली नाही. रोज केस विंचरताना काहीबाही सांगायची, ते बंद झालं. फोनवर बहिणीला दबक्या आवाजात म्हणताना वस्तादांनी ऐकलं, "डोक्यावर परिणाम झालाय गं त्यांच्या." आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? पण त्याचं त्यांना फार वाटलं नाही. त्यांना वेगळीच भीती होती. चिमी कामाची पक्की. ती सगळं उघडेल, केरोसीनने लख्ख धुवेल, आणि तीच वाटी त्याच मानेवर पुन्हा बसवून टाकेल. न मोजता. बाबांच्या मागून मोजायचं नाही. मग आपण केलं काय? पोरीच्या पाठीला दुप्पट काम लावलं आणि तिच्या मनातून उतरलो, एवढंच. भिंतीकडे तोंड करून ते दिवस दिवस पडून राहायला लागले. शिट्टी एकदा येऊन गेला, पण खालच्या खोलीतूनच, आणि त्या दिवशी त्याने शिट्टी वाजवली नाही.

मग एक दिवस कलत्या उन्हात चिमी आली. अंगाला केरोसीनचा वास, केसांत तेल. आईला म्हणाली, "चहा ठेव." आई स्वयंपाकघरात गेली. चिमी पलंगाच्या कडेला बसली आणि खिशातून नरसाळ्याची जाळी काढून तिने त्यांच्या छातीवर ठेवली.

"ही खुर्चीवर सापडली," ती म्हणाली. "मी रागात होते, तेव्हा दिसली नाही. काल झाडताना दिसली. बाबा, इंजिनची वाट लावायची असती, किंवा डोकं फिरलं असतं, तर माणूस वाळू ओतून मोकळा होतो. जाळी काढून बाजूला ठेवत नाही. वाळू खालपर्यंत गेलीच पाहिजे, हे बघणारा माणूस शुद्धीत असतो. तुम्हाला ते बिघडवायचं नव्हतं. मी उघडायला हवं होतं तुम्हाला. आणि ती तीन बोटं."

वस्तादांनी पुन्हा तीन बोटं वर केली.

"मोजली तिसरी. तुमच्या मागून पहिल्यांदा मोजलं. तुम्ही मागून ओरडाल असं वाटत होतं." ती हसायला गेली, पण तिला रडूच आलं. "बारीक आहे. आणि इतकी गोल आहे, बाबा, हाताने केलीय यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. त्या वाट्या तुम्ही ओतल्या होत्या ना? आता तिसरी मीही ओतेन. म्हणजे तुम्ही तिथे खुर्चीत बसा आणि मी ओतते."

वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हा आजाराचा भाग आहे असं यावेळी कुणी म्हणालं नाही. तिने त्यांचं डोकं उचलून कुशीत घेतलं. वस्तादांना वाटलं, आता मेलो तरी चालेल. शिट्टी त्या खडकांमधून नीट बाहेर जाईल.

मग चिमीचा हात त्यांच्या केसांत फिरता फिरता थांबला. ती सरळ बसली.

"बाबा," ती हळू म्हणाली, "असं अजून कुठे केलंय तुम्ही?"

तिने आपला हात त्यांच्या डाव्या हातात दिला. "बोलू नका. हो असेल तर दाबा. नसेल तर नका दाबू." इतक्या दिवसांत त्यांना प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. अशी वाट बघत कुणी बसलं नव्हतं. "बर्फवाल्याची निळी बोट?" हात शांत. "ती शेजारची, दोन भावांची?" शांत. तिने सुटकेचा श्वास टाकला, पण चेहरा काही मोकळा झाला नाही.

"तुम्ही हॉस्पिटलात होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी एक इंजिन बांधलं. एकटीने. तुम्हाला सांगितलं नाही. बरे झालात की एकदम दाखवायचं, असं ठरवलं होतं. पलीकडच्या काठावर माणसं नेते ती पांढरी लाँच." तिचा आवाज खाली खाली गेला. "जुन्या वाट्यांचे शिक्के बघून नवीन बेअरिंगं टाकली. मोजलं नाही. तुमचं काम होतं."

वस्तादांना ती लाँच आठवली. तिची दुसरी मान, आणि तिच्याखाली कुशीवर पडून घासताना आलेला हाताचा पेटका. शांत पाण्यावर ती अजून चालत होती, एवढंच; सैल बेअरिंग रोज थोडं थोडं झिजतंच. मालकाने विचारलं होतं, काही विशेष? आणि आपण म्हणालो होतो, विशेष काय असणार, मी आहे ना.

चिमी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. तिला उत्तर 'नाही' असं हवं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना उत्तर देता येत होतं, आणि त्यांना ते द्यावंसं वाटेना. खाली रस्त्यावर कामावरून सुटलेली माणसं धक्क्याकडे लाँच पकडायला चालली होती, या वेळेला रोज जातात तशी, पिशव्या घेऊन, पोरांना हाका मारत.

त्यांनी हात दाबला.

चिमीने हात सोडवून घेतला, उठली आणि चपला न घालताच जिना उतरली. तिची पावलं खालच्या दारातून बाहेर पडली आणि धावायला लागली.

बायको चहाचे कप घेऊन आत आली. "अगंबाई, कुठे गेली ही?" तिने जाळी बघितली, उघडं दार बघितलं, नवऱ्याचा चेहरा बघितला. कप खाली ठेवून ती पलंगावर बसली आणि त्यांचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला. वस्ताद तो हात दाबायला लागले. पुन्हा पुन्हा, सगळा जोर लावून. तिला वाटलं, ते कशाला तरी घाबरलेत. ती हळूहळू त्यांची बोटं चोळत बसली.